सौर पंपातील चुंबक आणि उन्हाळ्याची कसोटी

खटाव आणि माण हे सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुके अवर्षणप्रवण म्हणून सर्वपरिचित आहेत. खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण वडूज हे येरळा नदीच्या काठी वसलेले असले, तरी या नदीचे पात्र वर्षातील बराच काळ कोरडेच असते. उरमोडी आणि जिहे-कठापूर योजनांच्या पाण्याने या भागातील काही शिवारांना दिलासा मिळू लागला आहे. तथापि, जेथे कालवा पोचत नाही तेथे शेतकऱ्याची भिस्त आजही विहीर आणि विंधन विहीर यांवरच आहे. पाणी वर काढण्याची साधने मात्र बदलत गेली. मोट गेली, तेलावरचे इंजिन आले. इंजिन मागे पडून विजेची मोटार आली. आणि आता शेताच्या बांधावर सौर पॅनेलच्या निळ्या पाट्या दिसू लागल्या आहेत.

केंद्र शासनाने २०१९ मध्ये कुसुम योजना सुरू केली आणि राज्य शासनाने २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना हाती घेतली. अडीच एकरांपर्यंत जमीन असणाऱ्यास ३ अश्वशक्तीचा, पाच एकरांपर्यंत ५ अश्वशक्तीचा आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यास साडेसात अश्वशक्तीचा पंप, अशी या योजनेची रचना आहे. सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याने किंमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरावयाची असून पंपसंचाला पाच वर्षांच्या दुरुस्तीची हमी आहे. हे सर्व बहुतेकांस ठाऊक असते. या संचाच्या पोटात दडलेला एक लहानसा घटक मात्र फारसा कोणाच्या चर्चेत येत नाही. तो घटक म्हणजे चुंबक.

सौर पंप दोन प्रकारचे असतात. ए.सी. पंपात नेहमीची इंडक्शन मोटार असते. तिच्या फिरणाऱ्या भागात कायम चुंबक नसतो आणि लागणारे चुंबकत्व विजेच्या प्रवाहातूनच निर्माण होते. डी.सी. पंपात मात्र बहुधा ब्रश नसलेली मोटार बसविलेली असते आणि तिच्या फिरत्या भागावर, म्हणजे रोटरवर, कायम चुंबकाच्या पट्ट्या चिकटविलेल्या किंवा आत बसविलेल्या असतात. चुंबकत्व निर्माण करण्यासाठी वेगळी वीज खर्च होत नसल्याने तितक्याच उन्हात ही मोटार अधिक काम करते. हाच तिचा मोठा गुण, आणि तिच्या दुखण्याचे मूळही येथेच आहे.

इंडक्शन मोटार बिघडली की शेतकऱ्यास ते कळते. वाइंडिंग जळते, वास येतो, फ्यूज उडतो. तालुक्याच्या गावी वाइंडिंगच्या दुकानात मोटार नेली की तांब्याची नवी तार भरून ती पुन्हा उभी राहते. चुंबकाच्या मोटारीचे आणखी एक दुखणे असे असते की ज्यात धूर निघत नाही आणि वासही येत नाही. मोटार फिरते, वाइंडिंग तपासले तर शाबूत निघते, पॅनेलही स्वच्छ असते. परंतु पाणी पूर्वीइतके पडत नाही. चुंबक उतरलेला असतो. हे का घडते, केव्हा घडते आणि कसे टाळता येते हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

चुंबकाला उष्णता का सोसत नाही

कोणताही कायम चुंबक अब्जावधी सूक्ष्म अणुचुंबकांचा बनलेला असतो. ते सर्व एकाच दिशेस तोंड करून उभे राहिले तरच बाहेर जोर जाणवतो. उष्णता म्हणजे अणूंची धडपड. तापमान वाढले की ही शिस्त ढिली पडू लागते आणि एका ठराविक तापमानास ती पूर्णपणे मोडते. या तापमानाला फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर क्यूरी यांच्या नावावरून क्यूरी तापमान म्हणतात. लोखंडाचे क्यूरी तापमान ७७० अंश सेल्सिअस आहे. आज सर्वांत प्रबळ समजल्या जाणाऱ्या निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबकाचे ते केवळ ३१० अंशांच्या आसपास आहे. सर्वांत बलवान चुंबक उष्णतेपुढे सर्वांत आधी नमतो, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्यास विचित्र वाटेल.

या मिश्रणात लोह आणि निओडिमियम यांची कामे वाटलेली आहेत. चुंबकत्वाचा मोठा भाग लोहाचा. पण त्या चुंबकत्वाला एकाच दिशेस जखडून ठेवण्याचे काम निओडिमियम करते. माणदेशातील वाचकास मेंढरांचा दाखला पुरेसा होईल. संख्या मेंढरांची असते, वाट मात्र धनगर राखतो. ऊन वाढले की कळप सावलीकडे फुटू पाहतो आणि धनगराची खरी परीक्षा तेव्हाच होते. निओडिमियमची दिशा राखण्याची ताकद तापमानाबरोबर झपाट्याने घटते आणि चुंबकाचे दुबळेपण मुख्यतः त्यातून येते.

येथे दोन गुण वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला गुण म्हणजे चुंबकाचा जोर. दुसरा म्हणजे उलट दिशेचे चुंबकीय क्षेत्र अंगावर आले असता आपले चुंबकत्व न सोडण्याची ताकद. या लेखात तिला विरोधशक्ती म्हटले आहे. निओडिमियम चुंबकाचा जोर दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.१२ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे २० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापल्यास सात टक्क्यांच्या आसपास घट. ती फार नाही. परंतु विरोधशक्ती दर अंशाला सुमारे ०.६ टक्क्यांनी उतरते. त्याच साठ अंशांत तिचा तृतीयांशाहून अधिक भाग नाहीसा होतो. मोटारीतील चुंबकाला तारेतील प्रवाहाच्या उलट क्षेत्राशी दर क्षणी झुंजावे लागते. म्हणून प्रत्यक्षात घात होतो तो जोर घटल्याने नव्हे, तर ही झुंज हरल्याने.

तीन प्रकारची घट

उष्णतेने होणारी घट तीन प्रकारची असते आणि त्यांतील फरक न समजल्याने पुष्कळ गैरसमज होतात.

पहिली घट तात्पुरती असते. मोटार तापली की जोर थोडा कमी होतो आणि ती थंड झाली की जसाच्या तसा परत येतो. दुपारी दोन वाजता पंपाने थोडे कमी पाणी दिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्ववत झाले, तर त्यात चिंतेचे कारण नाही. पॅनेलही तापले की कमी वीज देते, त्यामुळे दुपारच्या घटीत दोहोंचा वाटा असतो.

दुसरी घट थंड झाल्यावरही भरून येत नाही. विरोधशक्ती इतकी खाली आलेली असते की चुंबकाचे काही भाग उलटून बसतात. धातू शाबूत असतो, त्याची रचनाही बिघडलेली नसते. फक्त अणुचुंबकांची शिस्त मोडलेली असते. प्रबळ क्षेत्रात ठेवून असा चुंबक पुन्हा भरता येतो. पण त्यासाठी लागणारी यंत्रसामग्री कारखान्यात असते, तालुक्याच्या दुकानात नसते. त्यामुळे शेतकऱ्याच्या दृष्टीने ही घट कायमचीच ठरते.

तिसरी घट खऱ्या अर्थाने कायमची असते. येथे धातूच बदलतो. निओडिमियम चुंबक हा सूक्ष्म कणांचा दाबून आणि भाजून तयार केलेला पदार्थ असून कणांच्या सांध्यांत निओडिमियमचे प्रमाण अधिक असलेला पातळ थर असतो. हा थर ओलावा आणि हवा यांना लगेच बळी पडतो. सांधे गंजले की कण सुटतात आणि चुंबकाची पूड होऊ लागते. म्हणून अशा चुंबकावर निकेल, जस्त किंवा राळेचा लेप दिलेला असतो. पाण्यात बुडून चालणाऱ्या मोटारीत हा लेप किंवा रोटरवरील वेष्टन यांना अतिशय महत्त्व असते. एखाद्या ठिकाणी टवका उडाला की गंज आतल्या आत पसरतो, आणि उष्णतेत तो अधिक वेगाने पसरतो.

पोलादापासून विरल मृत्तिकेपर्यंत

गेल्या शतकाच्या आरंभी कायम चुंबक म्हणजे कडक केलेले पोलाद. ते धक्क्याने, उष्णतेने आणि नुसत्या काळानेही उतरत असे. जपानमध्ये कोतारो होंडा यांनी १९१७ मध्ये कोबाल्टयुक्त पोलादाचा चुंबक तयार केला. १९३१ च्या सुमारास लोह, निकेल आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाचा शोध तेथेच लागला आणि त्यातून ॲल्निको चुंबक आले. त्यांचे क्यूरी तापमान ८०० अंशांच्या वर असल्याने उष्णतेत ते स्थिर असत. विरोधशक्ती मात्र बेताची. त्यानंतर १९५० च्या दशकात फेराइट चुंबक आले. ते स्वस्त, न गंजणारे आणि आजही ध्वनिक्षेपकापासून लहान मोटारींपर्यंत सर्वत्र आढळणारे. फेराइटची एक गंमत अशी की त्याची विरोधशक्ती तापमानाबरोबर वाढते आणि तो उतरण्याचा धोका थंडीत असतो. वडूजच्या हवेत त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

विरल मृत्तिका मूलद्रव्ये, म्हणजे बाजारात ज्यांना रेअर अर्थ म्हणतात ती, चुंबकासाठी उपयोगात आली ती १९६० च्या दशकात. अमेरिकेतील डेटन येथील वायुदलाच्या प्रयोगशाळेत कार्ल स्ट्रनॅट यांच्या संशोधनातून समॅरियम आणि कोबाल्ट यांचे चुंबक पुढे आले. त्यांचे क्यूरी तापमान ७०० ते ८०० अंशांच्या घरातील. योग्य प्रकारचा समॅरियम-कोबाल्ट चुंबक ३०० अंशांच्या आसपासही काम देतो आणि त्याचा जोर दर अंशाला केवळ ०.०३ ते ०.०४५ टक्क्यांनी घटतो. स्थिरतेच्या दृष्टीने याला तोड नाही. परंतु कोबाल्ट महाग, आणि १९७८ मध्ये झाईरमधील अशांततेमुळे त्याचा पुरवठा एकाएकी आखडला. कोबाल्टवाचून काम भागेल काय, या शोधाला त्यानंतर जोर चढला. १९८३ मध्ये जपानमधील सुमितोमो स्पेशल मेटल्सचे मासातो सागावा आणि अमेरिकेतील जनरल मोटर्सचे जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबक जाहीर केला. जोरात तो समॅरियम-कोबाल्टच्याही पुढे गेला, तोही कोबाल्टऐवजी लोह वापरून. सौर पंप, विद्युत स्कूटर, संगणक आणि अनेक आधुनिक पवनचक्क्या यांत आज हाच चुंबक आढळतो. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे आणि चाळकेवाडी येथील पठारांवरील जुन्या पवनचक्क्यांपैकी अनेकींत मात्र इंडक्शन जनित्र असल्याने तेथे हा प्रश्न उद्भवत नाही.

काळाचा हिशेब

चुंबक दहा वर्षे टिकेल किंवा नाही हे दहा वर्षे न थांबता कसे सांगावयाचे, हा प्रश्न रास्त आहे. चुंबकाची काळाबरोबर होणारी घट सरळ रेषेत होत नाही. तापमान स्थिर ठेवले असता पहिल्या तासापासून दहाव्या तासापर्यंत जितकी घट होते, सामान्यतः तितकीच दहाव्यापासून शंभराव्या तासापर्यंत, तितकीच पुढे हजाराव्या तासापर्यंत होते. म्हणजे प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दहापट लांब. दहा वर्षांचे तास ८७,६०० होतात, एक लाखाला थोडे कमी. एका तासापासून लाख तासांपर्यंत अशा पाचच पायऱ्या. सुमारे ४२ दिवसांच्या, म्हणजे एक हजार तासांच्या चाचणीत यांपैकी तीन पायऱ्या पाहून होतात आणि उरलेल्या दोहोंचा अंदाज बांधता येतो. कारखान्यांतून अशा चाचण्या त्यामुळेच घेतल्या जातात.

या हिशेबाला दोन अटी आहेत. चुंबक गंजता कामा नये आणि ठरलेल्या तापमानाची मर्यादा ओलांडली जाता कामा नये. मर्यादेच्या आत राहिलेल्या, योग्य निवडीच्या चुंबकात वर्षानुवर्षांची घट अगदी थोडी असते. मर्यादा एकदाच, अर्धा तास जरी ओलांडली गेली, तरी दहा वर्षांत झाली नसती इतकी घट त्या अर्ध्या तासात होऊन जाते. चुंबकाला वय फारसे मारत नाही. एखादी वाईट दुपार मारते.

याच गुणधर्माचा उपयोग करून चुंबक आधीच ‘मुरवून’ घेतात. नवा दोर जसा वापरण्यापूर्वी ताणून घेतात, म्हणजे पुढे तो ढिला पडत नाही, तसा चुंबक कामाच्या कमाल तापमानाहून किंचित अधिक तापमानात काही तास ठेवतात. सुरुवातीच्या पायऱ्यांवरची घट कारखान्यातच उरकते आणि राहिलेला जोर पुढे स्थिर राहतो. मोजमापाच्या उपकरणांत हे अपरिहार्यच असते.

चुंबक आणि तापमान यांचा हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेण्यात आल्या, जेणेकरून जुन्या आणि नव्या मालिकेचा सांधा जुळावा. अलिबागच्या इमारतीसाठी चुंबकत्व नसलेला दगड वापरला गेला आणि आतील तापमान शक्य तितके एकसारखे राहील अशी तिची बांधणी करण्यात आली. उपकरणातील चुंबक दिवसा तापून रात्री निवला असता, तर पृथ्वीचा बदल कोणता आणि चुंबकाचा कोणता हे सांगताच आले नसते. तेथे खोलीच चुंबकासाठी थंड ठेवता आली. पंपाच्या मोटारीला ती चैन नाही.

उष्णता सोसणारा जिन्नस

निओडिमियम चुंबकाला उष्णता सोसावी यासाठी त्यात डिस्प्रोशियम किंवा टर्बियम ही जड विरल मृत्तिका मूलद्रव्ये मिसळतात. निओडिमियमच्या काही अणूंची जागा ती घेतात आणि दिशा राखण्याची ताकद वाढवितात. प्रमाण काही टक्क्यांचेच, पण परिणाम मोठा. याची किंमतही चुंबकालाच मोजावी लागते. डिस्प्रोशियमचे चुंबकत्व लोहाच्या उलट दिशेस असल्याने एकूण जोर थोडा घटतो.

बाजारात चुंबकाची प्रत आकडा आणि अक्षरे यांनी सांगतात. ‘एन ४२ एसएच’ यात ४२ हा आकडा जोर दाखवितो आणि ‘एसएच’ ही अक्षरे उष्णता सोसण्याची मर्यादा दाखवितात. आकड्यापुढे अक्षर नसेल तर मर्यादा सर्वसाधारणपणे ८० अंश. एम म्हणजे १००, एच म्हणजे १२०, एसएच म्हणजे १५०, यूएच म्हणजे १८० आणि ईएच म्हणजे २०० अंश. खरेदी करणाऱ्यांची नजर बहुधा आकड्यावर खिळते, अक्षराकडे जात नाही; वस्तुतः गरम हवेच्या प्रदेशात अक्षर अधिक मोलाचे. शिवाय या मर्यादा चुंबकाचा आकार योग्य आहे असे धरून दिलेल्या असतात. पातळ चकतीसारखा चुंबक त्याहून कमी तापमानालाही उतरू शकतो, कारण पातळ चुंबक आपल्याच उलट क्षेत्राच्या दाबाखाली अधिक असतो.

या डिस्प्रोशियमचा प्रश्न आता केवळ शास्त्राचा राहिलेला नाही. भारताच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट हे खनिज विपुल आहे. देशातील त्याचा अंदाजित साठा १ कोटी ३० लाख टनांच्या आसपास सांगितला जातो. केरळ, तमिळनाडू आणि ओडिशा येथील वाळूवर काम करणारी इंडियन रेअर अर्थ्स ही १९५० मध्ये स्थापन झालेली शासकीय कंपनी असून तिचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे. मोनाझाइटमध्ये निओडिमियमसारखी हलकी मूलद्रव्ये पुष्कळ असतात, पण डिस्प्रोशियम आणि टर्बियम अत्यल्प. ती प्रामुख्याने दक्षिण चीन आणि म्यानमार येथील मातीतून मिळतात. थोडक्यात, चुंबकाचा जोर आपल्या किनाऱ्यावर आहे. त्याची उष्णता सोसण्याची ताकद मात्र परदेशातून येते.

खनिज हाती असणे आणि धातू हाती असणे यांतही मोठे अंतर आहे. विटा, खानापूर, आटपाडी, खटाव आणि माण या भागांतील गलाई व्यावसायिक सोने-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यानिमित्त देशभर पसरलेले आहेत. चांदी नायट्रिक आम्लात विरघळते आणि सोने विरघळत नाही, या एका फरकावर त्यांचे बरेचसे काम उभे आहे. विरल मृत्तिका मूलद्रव्यांत असा सोयीचा फरक नसतो. रासायनिक दृष्ट्या ती इतकी सारखी असतात की एकमेकांपासून वेगळी करण्यासाठी द्रावण शेकडो टप्प्यांतून न्यावे लागते. हे तंत्र आणि त्यापुढील चुंबक बनविण्याचे तंत्र यांत चीनने गेल्या काही दशकांत आघाडी घेतली.

तिचा प्रत्यय जगाला दोनदा आला. २०१० मध्ये चीन आणि जपान यांच्या वादानंतर या मूलद्रव्यांचे भाव भडकले. जपानी कारखान्यांनी तेव्हापासून डिस्प्रोशियमची काटकसर आरंभिली. संपूर्ण चुंबकात ते मिसळण्याऐवजी कणांच्या सांध्यांतच मुरविण्याची पद्धत रूढ झाली आणि २०१६ मध्ये होंडा व दाइदो स्टील यांनी संकरित मोटारगाडीसाठी जड मूलद्रव्यांविना चालणारा चुंबक जाहीर केला. दुसरा प्रत्यय ४ एप्रिल २०२५ रोजी आला. चीनने सात मूलद्रव्ये आणि त्यांपासूनचे चुंबक यांच्या निर्यातीस परवान्याचे बंधन घातले. या सातांत निओडिमियम नव्हते. समॅरियम, डिस्प्रोशियम आणि टर्बियम होते. चुंबकाला उष्णतेत टिकविणारी नेमकी तीच नावे यादीत असणे हा योगायोग मानता येणार नाही. त्या वर्षी देशातील विद्युत वाहन उद्योगाला, त्यात पुण्याच्या बजाज ऑटोलाही, टंचाईची झळ बसली.

देशात या दिशेने प्रयत्न सुरू आहेत. हैदराबादची संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळा आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांच्या तंत्रज्ञानावर आधारलेला समॅरियम-कोबाल्ट चुंबकांचा कारखाना विशाखापट्टणम येथे उभारण्यात आला असून ११ मे २०२३ रोजी तो राष्ट्राला अर्पण करण्यात आला. वर्षाला ३,००० किलोग्रॅम ही त्याची क्षमता प्रामुख्याने संरक्षण, अवकाश आणि अणुऊर्जा यांच्या गरजा डोळ्यांपुढे ठेवून आखलेली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२८० कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली; वर्षाला ६,००० टन चुंबक देशात तयार व्हावेत हे तिचे उद्दिष्ट आहे.

विहिरीत काय घडते

आता पुन्हा शेताकडे वळावयास हवे. पाणबुडी मोटारीला थंड ठेवते ते तिच्या अंगावरून वाहणारे पाणी. विंधन विहिरीतील पाणी एप्रिल-मे महिन्यांतही हवेपेक्षा पुष्कळ थंड असते. तेव्हा पाणी पुरेसे आहे तोवर बाहेरच्या उन्हाने आतील चुंबकाला धोका पोचत नाही. धोका पोचतो तो पाणी खाली गेल्यावर. नेमक्या त्याच दिवसांत ऊन सर्वांत कडक असते, पॅनेल भरपूर वीज देते आणि मोटार कोरडी फिरत राहते. काही मिनिटांत आतील तापमान झपाट्याने चढते. वाइंडिंगच्या तारेचे आवरण १३० किंवा १५५ अंशांपर्यंत टिकेल अशा प्रतीचे असते. रोटरवरील चुंबक जर ८० किंवा १०० अंशांच्या प्रतीचा असेल, तर तार जळण्याच्या कितीतरी आधी तो उतरून बसतो. धूर निघत नाही तो यामुळेच.

एकदा चुंबक उतरला की पुढचे चक्र आपोआप फिरू लागते. तेवढेच पाणी उचलण्यासाठी मोटारीला अधिक प्रवाह घ्यावा लागतो. अधिक प्रवाहाने ती अधिक तापते, उलट क्षेत्रही वाढते आणि उरलेला चुंबक आणखी उतरतो. दोन उन्हाळ्यांत चांगला पंप निकामी होण्याची ही वाट आहे.

सौर पंपाच्या नियंत्रकात कोरड्या चालीपासून संरक्षणाची सोय असते. पंप वारंवार बंद पडतो म्हणून ती सोय निष्क्रिय करून घेण्याचा मोह होतो. पंप बंद पडणे ही तक्रार नसून पाणी संपल्याची ती सूचना होय. तेव्हा पंप अर्धा-एक तास थांबवून विहिरीला पाणी धरू देणे हाच उपाय. मोटार गाळात रुतलेली असली किंवा मोठ्या व्यासाच्या विहिरीत मोकळी सोडलेली असली, तरीही तिच्या अंगावरून पाणी नीट वाहत नाही. अशा ठिकाणी मोटारीभोवती नळीचे वेष्टन घातल्यास आत येणारे पाणी तिला घासून जाते. खर्च थोडा आहे, फायदा मोठा.

दुरुस्तीच्या दुकानांसाठीही दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. इंडक्शन मोटारीत बेअरिंग काढताना रोटर गॅसच्या ज्योतीने तापविण्याची सवय असते आणि वार्निश वाळविताना सगळीच मोटार भट्टीत ठेवण्याची पद्धत असते. चुंबक असलेला रोटर असा तापविला तर दुरुस्तीच्या नावाखाली तो कायमचा दुबळा होतो. स्टेटर भट्टीत जाऊ शकतो. रोटर बाहेर काढून, स्वच्छ कापडात गुंडाळून, लोखंडाच्या कचऱ्यापासून दूर ठेवावा. चुंबक ठिसूळ असल्याने हातोड्याचा घावही टाळावा.

चुंबक उतरला आहे की काय, हे ओळखण्याची रीत फार अवघड नाही. मोटार तारांपासून सोडवून ठराविक वेगाने बाहेरून फिरविली की ती जनित्रासारखी वीज निर्माण करते. या विजेचा दाब चुंबकाच्या जोराच्या प्रमाणात असतो. निर्मात्याने दिलेल्या आकड्याशी, किंवा त्याच नमुन्याच्या नव्या मोटारीशी, तो ताडून पाहिला की दोष वाइंडिंगचा की चुंबकाचा याचा निकाल लागतो. मोजणी मोटार पूर्ण थंड असताना करावी, नाहीतर तात्पुरती घट कायमची समजली जाईल.

पंपसंच बसविताना पुरवठादाराकडून मोटारीचा प्रकार, चुंबकाची प्रत व तिच्या तापमानाची मर्यादा आणि वरील दाबाचा आकडा हमीपत्रासोबत लेखी मागून घेता येतो. पाच वर्षांच्या हमीच्या काळात पाणी घटल्याची तक्रार करावयाची झाल्यास या आकड्यांचा आधार असतो. पंप बसविल्यानंतरच्या पहिल्या स्वच्छ दिवशी दुपारी बारा वाजता एक पिंप किती सेकंदांत भरते आणि त्या वेळी विहिरीतील पाणी किती खोल आहे, हे वहीत टिपून ठेवावे. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच वेळी, पॅनेल पुसून हीच मोजणी केली की पाण्याच्या खोलीतील फरक वजा करून पंपाची खरी घट दिसून येते.